टोचन

रस्त्यात बंद पडलेली मोटार दुसऱ्या गाडीला दोरीने बांधून नेतात, तेव्हा आपण पुण्यात म्हणतो, ‘गाडी टोचन करून नेली.’ मोल्सवर्थने १८३१ मध्ये मराठीचा मोठा कोश छापला तेव्हा मोटार जन्मालाच आली नव्हती, त्यामुळे त्यात हा शब्द शोधण्यात अर्थ नाही. तो गॅरेजमध्ये जन्मला. इंग्रजी ‘टो’ म्हणजे ओढणे आणि ‘चेन’ म्हणजे साखळी, या दोहोंची जोडी जमून मिस्त्रींच्या तोंडी त्याचे टोचन झाले, हा उलगडा सहज पटण्यासारखा आहे. साखळी गेली, तिच्या जागी काथ्याचा दोर आला, मग नायलॉनचा पट्टा आला, मग लोखंडी दांडा आला. शब्द मात्र टिकला. गंमत म्हणजे तो मराठी कानाला परका वाटतच नाही; टोचणी, टोचणे यांच्या घरातलाच वाटतो.

असेच आणखी दोन शब्द आपण घरचे करून घेतले. एक टेम्पो आणि दुसरा मॅटॅडोर. हे तीन शब्द पुण्याच्या रस्त्यावर वर्षानुवर्षे एकत्र नांदले. बंद गाडी असो, मिरवणुकीतला जनरेटर असो, खडक फोडणाऱ्या यंत्राची हवेची टाकी असो, ती ओढायला काही तरी हवे असे आणि पुष्कळदा हाताशी असे ते एखादे वयस्क मॅटॅडोर. माल वाहण्यासाठी घेतलेली गाडी उतारवयात ओढण्याच्या कामाला लागे. आज बोलायचे आहे ते या गाडीच्या इतिहासाविषयी, आणि त्याबरोबर वाहणे आणि ओढणे या दोन कामांत जो फरक आहे त्याविषयी.

टेम्पो हे मुळात जातीचे नाव नव्हे, छापाचे नाव. जर्मनीत हँबुर्ग येथे व्हिडाल नावाच्या घराण्याची कंपनी या नावाने छोटी मालवाहू वाहने बनवीत असे. टेम्पो म्हणजे गती, संगीतात लय. या कंपनीच्या सहकार्याने १९५८ मध्ये नवलमल कुंदनमल फिरोदिया यांनी भारतात तीनचाकी टेम्पोचे उत्पादन सुरू केले. फिरोदिया मूळचे नगरचे. त्यांचे वडील कुंदनमल फिरोदिया हे स्वातंत्र्याच्या काळात मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. नवलमल स्वतः स्वातंत्र्य चळवळीत भाग घेतलेले, गांधीविचारांचे. पुढे बजाज घराण्याचे नाव जोडले जाऊन ही कंपनी बजाज टेम्पो झाली आणि २००५ मध्ये तिचे नाव फोर्स मोटर्स झाले. मुंबई-पुणे रस्त्यावरचा तिचा आकुर्डीचा कारखाना पुण्याच्या दोन-तीन पिढ्यांना ओळखीचा आहे. पिंपरी-चिंचवडच्या भागात हजारो घरांची चूल ज्या कारखान्यांवर पेटली, त्यांतला हा एक.

तो पहिला टेम्पो, हान्सीट नावाचा, ज्यांनी पाहिला असेल त्यांना त्याचे ध्यान आठवेल. पुढे एक चाक, मागे दोन. इंजिन त्या एका पुढच्या चाकाच्या डोक्यावर बसवलेले आणि सारी शक्ती त्याच चाकाला. म्हणजे पुढचे चाक वळतही असे आणि गाडी ओढतही असे. जर्मनीत या गाडीचे उत्पादन १९५६ मध्येच थांबले होते. तिथे लोकांच्या हाती पैसा आला, चारचाकी परवडू लागली. आपल्याकडे मात्र तीच गाडी पुढे कित्येक दशके धावत राहिली. लखनौपासून कोल्हापूरपर्यंत टेम्पो हा शब्द पोचला तो तिच्याच पाठीवर बसून.

१९६९ मध्ये मॅटॅडोर आले. हेही मूळचे त्याच हँबुर्गच्या कंपनीचे. तिथे या नावाची गाडी १९४९ पासून बनत होती. मॅटॅडोर म्हणजे स्पेनमधला बैलाशी झुंजणारा, शेवटी बैलाचा जीव घेणारा योद्धा. नाव देणाऱ्याच्या मनात शौर्य असेल. आपल्याकडे त्या नावाला वेगळाच अर्थ आला. पुण्याच्या पेठांतून, मालधक्क्यापासून गोदामापर्यंत जी बैलगाडी चालत असे, तिचे काम याच गाडीने काढून घेतले. बैलाला मारायचे काम तिने तलवार न उपसता केले.

मॅटॅडोर पुण्याने किती कामांना लावले! गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पहाटे भाजी आणली ती मॅटॅडोरने. मागे दोन बाकडी टाकली की शाळेची गाडी. पांढरा रंग आणि लाल खूण दिली की रुग्णवाहिका. लग्नात बँडवाल्यांचे सामान तीच नेई, मंडपाचे बांबू तीच नेई आणि शेवटच्या प्रवासाला माणसालाही तीच नेई. एका चाळीतून दुसऱ्या चाळीत बिऱ्हाड हलवताना घरातली म्हातारी ड्रायव्हरच्या शेजारी बसे. इंजिन तिथेच, दोन आसनांमध्ये झाकणाखाली. ते इतके तापे की म्हातारी पाय वर घेऊन बसत असे. तरी ती पुढे बसल्याचे चार ठिकाणी सांगे.

ही गाडी लोकांना इतकी आवडली, त्याचे एक साधे कारण तिच्या पोटात होते. बहुतेक मालगाड्यांत इंजिन पुढे असते आणि शक्ती मागच्या चाकांना दिलेली असते. ती शक्ती मागे पोचवायला गाडीच्या खालून एक लांब फिरता दांडा न्यावा लागतो. तो दांडा आणि मागच्या आसाचा तो मोठा गोळा यांच्यामुळे गाडीचा तळ उंच होतो. मॅटॅडोरमध्ये शक्ती पुढच्याच चाकांना दिलेली. खालून दांडा नाही, म्हणून तळ खाली, सपाट. हमालाला पोते फार उंच उचलावे लागत नसे. रुग्णाची स्ट्रेचर सहज आत सरके. शाळेतले लहान मूल स्वतःच्या पायाने चढे. दिवसाला शंभर पोती चढवणाऱ्या माणसाला वीतभर उंची कमी झाली तर संध्याकाळी त्याची कंबर ते सांगते. यंत्राची रचना कुणाच्या कमरेवर काय परिणाम करते, हे इतिहासाच्या पुस्तकात सहसा येत नाही. यायला हवे.

पण ज्या रचनेमुळे मॅटॅडोर माल वाहायला सोयीचे झाले, तीच रचना मागे काही बांधून ओढायला मात्र अडचणीची होती. हे समजायला यंत्रशास्त्र शिकलेले असण्याची गरज नाही. बैलगाडी हाकलेल्या माणसाला ते ठाऊक होते.

बैलगाडीची रचना दोन चाकांवरच्या तराजूसारखी असते. आसाच्या मागे भार जास्त झाला तर पुढची बाजू वर उचलली जाते, जू बैलांच्या मानेवरून उठू पाहते. त्याला म्हणतात गाडी उलाळ झाली. पुढे भार जास्त झाला तर जू मानेवर रुतते, बैल वाकतात. ती गाडी धुरजड. चांगला गाडीवान माल भरताना दोन पोती मागे, एक पुढे अशी हलवाहलव करीत राही. शेवटी जू हाताने किंचित उचलून बघे. किंचित जड लागले की म्हणे, ‘झाली, चला.’ अगदी हलके लागले तर पुन्हा पोती सरकवी. त्याला गाडी थोडीशी धुरजडच हवी असे, कारण चढावर उलाळ गाडी बैलांना घेऊन मागे येते, हे त्याने एखाद्या घाटात डोळ्यांनी पाहिलेले असे.

आता हेच मोटारीला लावून पाहा. मागे दोन चाकांची ट्रॉली जोडली की तिच्या दांड्याचा काही भार ओढणाऱ्या गाडीच्या शेपटीवर येतो. अमेरिकेत ठोकताळा असा आहे की, ट्रॉलीच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार जोडणीवर असावा. त्याहून कमी असेल तर वेगात ट्रॉली शेपटीसारखी डावी-उजवी हलू लागते आणि पुढच्या गाडीलाही हलवते. गाडीवान जू उचलून जे पाहत असे, तेच हे.

पण तो भार येतो मागच्या चाकांच्याही मागे. समजा, हजार किलोची ट्रॉली आहे आणि जोडणीवर १२० किलो भार आहे. गाडीच्या पुढच्या व मागच्या चाकांत अडीच मीटर अंतर आहे आणि जोडणी मागच्या आसाच्या एक मीटर मागे आहे. तर मागच्या चाकांवर १२० नव्हे, १६८ किलो भार वाढतो आणि पुढच्या चाकांवरचा ४८ किलो कमी होतो. झोपाळ्याच्या फळीसारखेच. मागे बसलेला जड झाला की पुढचा वर जातो. शिवाय चढ असेल तर गाडीचे स्वतःचे वजनही मागे सरकते. ज्या गाडीची शक्ती मागच्या चाकांना आहे, तिला हा भार उलट मदत करतो; चाक रस्त्याला घट्ट धरते. ज्या गाडीची शक्ती पुढच्या चाकांना आहे, तिची तीच चाके हलकी होतात. रस्ता कोरडा आणि सपाट असेल तोवर काही कळत नाही. पाऊस असेल, चढ असेल, वर रस्त्यावर माती आलेली असेल, तर चाक जागच्या जागी फिरते, क्लच जळल्याचा वास येतो आणि गाडी पुढे सरकत नाही. मॅटॅडोर ओढायला लावले की ते उलाळ होते, असे जुन्या भाषेत म्हणता येईल.

मग लोक ओढण्यासाठी तेच का वापरीत? कारण ते होते. नवी जीप घ्यायला पैसे लागतात, ट्रॅक्टर शहरात ठेवायला जागा लागते. वीस वर्षे भाजी वाहून थकलेले मॅटॅडोर मोडीच्या भावाला मिळे. इंजिन अजून धडधडत असे, मागे जागा मोकळी, त्यात दोर, जॅक, पाने, दोन पोरे बसत. नाना पेठेत सुट्या भागांची दुकाने हाकेवर. कोणताही भाग आणा आणि बसवा. गणपतीच्या दिवसांत देखाव्यापाठी जनरेटरची गाडी लागे, तीही त्यालाच जोडत. मिरवणुकीचा वेग माणसाच्या चालीचा, रस्ता बहुतेक सपाट; तिथे ते निभावून जाई. निभावले की लोकांचा विश्वास बसतो. लक्ष्मी रस्त्यावर जे निभावले ते कात्रजच्या घाटातही निभावेल, असे वाटू लागते. अडचणीची सुरुवात तिथे होते.

पुण्याला चारी बाजूंनी घाट आहेत. मुंबईकडे बोरघाट, साताऱ्याकडे कात्रज आणि पुढे खंबाटकी, सासवडकडे दिवे घाट. त्यामुळे ओढण्याचे शास्त्र या गावाला नेहमीच शिकावे लागले. बोरघाटातून रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली. तिथला चढ इतका तीव्र, म्हणजे सदतीस फुटांना एक फूट, की पुढचे एकटे इंजिन पुरेसे होत नाही. म्हणून कर्जतला गाड्यांच्या मागे जादा इंजिने लावण्याची पद्धत पडली. ती घाटभर मागून रेटतात आणि वर सुटी होतात. रेल्वेची माणसे त्यांना बँकर म्हणतात. पुढून ओढण्याला मर्यादा असते, साखळीवर किती ताण यावा यालाही मर्यादा असते, म्हणून मागून रेटा द्या, असा तो हिशेब.

दिवे घाटात हाच हिशेब आपण दर आषाढीला पाहतो. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा रथ घाट चढू लागला की, त्याच्या नेहमीच्या बैलांपुढे आणखी बैलजोड्या जुंपतात. आसपासच्या गावांतले शेतकरी आपली जोडी घेऊन येतात आणि त्यात मान समजतात. रथाच्या मूळ बैलांचा त्यात कमीपणा आहे असे कुणाच्या मनातही येत नाही. घाट आहे, तर जादा जोडी लागणार. सरळ गोष्ट आहे. मोटारीच्या बाबतीत मात्र आपल्याला हे सुचत नाही. तिथे माणूस ‘माझी गाडी ओढेल’ म्हणतो आणि एकटाच निघतो.

या प्रश्नाला दुसऱ्या टोकावरून अमेरिकेने हात घातला, तेही पाहण्यासारखे आहे. तिथे सुटीत घरच मागे बांधून न्यायची हौस. घर म्हणजे चाकांवरची खोली, नाही तर बोट. त्यासाठी मोठ्या व्हॅन वापरतात. फोर्डने १९६१ मध्ये इकोनोलाइन काढली तेव्हा तिचेही इंजिन आपल्या मॅटॅडोरसारखे दोन आसनांमध्ये होते. पुढे इंजिन नाकाकडे सरकवले आणि १९७५ मध्ये तिला ट्रकसारखी स्वतंत्र, भक्कम चासी दिली. शक्ती आधीपासूनच मागच्या चाकांना. लांब, जड, मोठ्या इंजिनाची ही गाडी ओढायला उत्तम ठरली. २०१४ मध्ये फोर्डने या जातीच्या बंद व्हॅनचे उत्पादन थांबवले, त्यानंतरही जुन्या व्हॅन स्वस्तात घेऊन त्यांच्याकडून ओढण्याचे काम घेणारे तिथे पुष्कळ आहेत. त्यांच्यापुढचे प्रश्न आपल्या मिस्त्रींच्याच प्रश्नांसारखे. गिअरबॉक्स तापतो का? रेडिएटर चढावर दम धरतो का? ब्रेक दोघांना थांबवतील का? खालचा लोखंडी सांगाडा गंजला तर नाही? आणि सगळ्यात चुकणारा हिशेब असा, की गाडी किती ओढेल हा आकडा पाहताना आत बसलेली माणसे आणि सामान त्यात धरायचेच राहून जाते. गाडी जितकी आत वाहील तितके तिचे मागे ओढण्याचे बळ कमी होते. वाहणे आणि ओढणे ही दोन कामे एकाच जिवाने करायची असतात, आणि एकाला दिले की दुसऱ्याचे कमी पडते.

मॅटॅडोरच्या घराण्यातही पुढे बदल झाला. जर्मनीत ती कंपनी आधी हॅनोमागकडे आणि मग डेमलर-बेंझकडे गेली, आणि मॅटॅडोरच्याच वंशातली गाडी काही वर्षे मर्सिडीजचा तारा लावून विकली गेली. १९७७ मध्ये मर्सिडीजने तिच्या जागी नवी व्हॅन आणली. तिची शक्ती मागच्या चाकांना होती. आपल्याकडे दहाएक वर्षांनी तीच गोष्ट घडली. त्या जर्मन व्हॅनवरूनच १९८० च्या दशकाच्या अखेरीस टेम्पो ट्रॅव्हलर आली. तीही मागच्या चाकांनी चालणारी. आज अष्टविनायकाला, लग्नाला, शिर्डीला आपण ज्या गाडीने जातो ती ही. तिचा तळ मॅटॅडोरइतका खाली नाही, चढताना पायरी लागते. पण घाटात ती पाय रोवून चढते. एक सोय गेली, दुसरी आली. यंत्राच्या इतिहासात सहसा असेच होते. नुसते मिळत काही नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ओढण्याच्या या उद्योगात आपण ओढणाऱ्या गाडीचा विचार थोडाफार तरी करतो. मागच्या गाडीत बसलेल्या माणसाचा फारसा करीत नाही.

टोचनात मागच्या गाडीचे स्टिअरिंग धरायला कुणी तरी बसावे लागते. गॅरेजमध्ये हे काम बहुधा सगळ्यांत धाकट्याकडे येते. उस्ताद पुढे, शागीर्द मागे. भवानी पेठेत, घोरपडी पेठेत मी कित्येक उस्तादांना नव्या पोराला समजावताना ऐकले आहे. ‘बेटा, दोरी ढिली पडू द्यायची नाही. पुढचा ब्रेक मारेल त्याच्या आधी तू मारायचा.’ वाक्य साधे, पण सारे शास्त्र त्यात आहे. दोर ताठ राहिला तर दोन गाड्या एक होऊन चालतात. ढिला पडून एकदम ताठ झाला तर झटका बसतो, दोर तुटतो किंवा हूक उपटून काचेवर येतो. म्हणजे पुढची गाडी ओढते, पण दोघांचे थांबणे मागच्या पोराच्या पायात असते. वय सतरा-अठरा, पगार नावालाच आणि दोन गाड्या त्याच्या पायाशी.

हे काम फियाट आणि अँबॅसेडरच्या काळात जितके अवघड होते, त्याहून आज जास्त अवघड झाले आहे, आणि हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. त्या जुन्या गाड्यांना स्टिअरिंग दंडाच्या जोरावर फिरवावे लागे आणि बहुतेकींचे ब्रेक नुसत्या पायाच्या जोरावर लागत. इंजिन बंद असले तरी हाताला फरक पडत नसे. आजच्या गाड्यांत स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्हींना इंजिनाची मदत असते. इंजिन बंद पडले की ब्रेक एक-दोनदा नीट लागतो आणि मग पायाखाली दगड ठेवल्यासारखा होतो. स्टिअरिंग जड होते. चावी काढली असेल तर ते कुलूप लागून अडकते. आपोआप गिअर बदलणारी गाडी चाके जमिनीवर ठेवून ओढली तर तिचा गिअरबॉक्सच निकामी होऊ शकतो. टोचनाची पद्धत आपण जुन्या गाड्यांवर शिकलो आणि नव्या गाड्यांवर तशीच वापरत राहिलो. झटका खातो तो मागे बसलेला पोरगा.

कायद्याने याचा विचार केलेला आहे. १९८९ च्या रस्ता-नियमांत दुसरी गाडी ओढण्याविषयी स्पष्ट लिहिले होते. ओढायची ती बिघडलेली गाडी किंवा नोंदणी झालेली ट्रॉलीच. मागच्या गाडीत स्टिअरिंग धरायला चालक हवा, नाही तर तिची चाके उचलून नीट आधारलेली हवीत. दोन गाड्यांत पाच मीटरपेक्षा जास्त अंतर नको. दोर किंवा साखळी इतरांच्या नजरेला सहज पडेल अशी हवी. मागे मोठ्या काळ्या अक्षरांत, पांढऱ्या पाटीवर, ही गाडी ओढली जात आहे असे लिहिलेले हवे. आणि वेग ताशी २४ किलोमीटरपेक्षा जास्त नको. २०१७ मध्ये या नियमांची जागा नव्या चालन-विनियमांनी घेतली, पण हेतू तोच राहिला. हे नियम कुणी कचेरीत बसून उगाच लिहिलेले नाहीत. पाच मीटर म्हणजे मधून कुणी पायी घुसू नये इतके अंतर. चोवीस किलोमीटर म्हणजे मागच्या माणसाचा पाय वेळेवर पोचेल इतका वेग. पाटी म्हणजे मागून येणाऱ्याला सांगणे, की या गाडीचा जीव दुसऱ्याच्या हाती आहे. पुण्याच्या रस्त्यावर टोचन पाहताना ती पाटी मला क्वचितच दिसली. दोराला मध्यभागी एखादे लाल फडके बांधलेले दिसते. ते फडके बांधणाऱ्यालाही मी मनात धन्यवाद देतो.

आता पट्ट्याने ओढणे कमी होत आहे. द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला. अशा रस्त्यावर ताशी चोवीस किलोमीटरने दोर बांधून जाणे म्हणजे मृत्यूला हाक. तिथे क्रेन येते, किंवा सपाट पाठीचा ट्रक बंद गाडी पाठीवर घेऊन जातो. म्हणजे ओढण्याचे काम पुन्हा वाहण्याकडे आले. पुण्याच्या रस्त्यांवर कित्येक वर्षे चुकीच्या जागी लावलेल्या दुचाक्या उचलून नेल्या गेल्या, त्या गाडीलाही लोक ‘टोइंगची गाडी’ म्हणत. प्रत्यक्षात ती ओढत काहीच नव्हती, पाठीवर टाकून नेत होती. चार माणसे उड्या मारून उतरत आणि तुमची स्कूटर अलगद टेम्पोत जाई. नाव ओढण्याचे, काम वाहण्याचे.

मॅटॅडोर आता रस्त्यावर शोधूनही सापडत नाही. त्याचे उत्पादन थांबून बरीच वर्षे झाली. २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुनी वाहने मोडीत काढण्याचे धोरण जाहीर केले. ज्या वाहनाची तब्येत तपासणीत टिकणार नाही ते रस्त्यावर नको, हा त्यामागचा विचार. धूर आणि अपघात दोन्ही पाहता तो योग्यच आहे. पण एकाच गाडीवर घर चालवणाऱ्याला त्या कागदाचा अर्थ वेगळा लागतो. त्याच्याकडे जुनी गाडी हौसेने राहिलेली नसते, नवी परवडत नाही म्हणून राहिलेली असते. त्याच्याशी बोलताना नुसता नियम सांगून भागत नाही. जुनी गाडी कोणत्या कामाला चालेल आणि कोणत्या नाही, हेही कुणी तरी त्याला समजावून सांगायला हवे.

जुन्या मॅटॅडोरची जागा आता जुन्या जीपने, जुन्या ट्रॅव्हलरने आणि छोट्या मालगाड्यांनी घेतली आहे. जनरेटरची ट्रॉली तीच आहे, घाट तेच आहेत. म्हणून जुनी गाडी ओढायच्या कामाला लावण्याआधी चार गोष्टी पाहाव्यात. तिची शक्ती कोणत्या चाकांना आहे. तिचे ब्रेक दोघांना थांबवतील का. जोडणी पत्र्याला नव्हे, चासीच्या लोखंडाला पकडली आहे का आणि ते लोखंड गंजलेले तर नाही. मागचा भार उलाळ तर नाही ना. बैलगाडीच्या काळी जू हाताने उचलून पाहायला अर्धा मिनिट लागत असे, आजही तेवढाच लागतो. आणि शेवटी, निघण्यापूर्वी एकदा मागे जाऊन पाहावे, की मागच्या गाडीत कोण बसले आहे, त्याला ब्रेक कसा लागतो ते ठाऊक आहे का, आणि पुढे घाट असेल तर जादा जोडी मागवायला आपल्याला लाज तर वाटत नाही ना.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)